स्कीममध्ये अप्लायने रिकर्शन करताय? आधी बाइट्स बघा

स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेत डॉट टाकून रेस्ट आर्ग्युमेंट, म्हणजे उरलेली सगळी आर्ग्युमेंट एका लिस्टमध्ये, घेता येतं हे कळल्यावर मी दिसेल ते फंक्शन "कितीही द्या" टाइपचं लिहायला लागलो. बेरजेचं पण तसंच, पहिला आकडा घ्यायचा आणि उरलेल्या कुडरवर (cdr, पहिला सोडून बाकीची लिस्ट) अप्लाय (apply) करून फंक्शनने स्वतःलाच परत बोलवायचं, म्हणजेच रिकर्शन. दहा आकड्यांना मस्त चाललं, 10,000 ची लिस्ट दिली आणि मशीन बसलं. चार दिवस मी गार्बेज कलेक्टरच्या (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागाच्या) मागे लागलो होतो, ते चार दिवस अजून खुपतात.

तर नीट ऐका. कुडर घ्यायला काही लागत नाही, तो आहे त्याच लिस्टचा उरलेला भाग. पण अप्लाय त्या लिस्टमधली एकेक गोष्ट सुटी करून आर्ग्युमेंट म्हणून देतं आणि पलीकडे रेस्ट पॅरामीटर ते सगळं गोळा करून नवी लिस्ट बांधतं. नवीच, जुनी वापरत नाही, 2013 च्या आर-सेव्हन-आर-एसमध्ये (R7RS, स्कीमचं स्टँडर्ड) तसं सरळ लिहिलंय. वहीत पाच आकडे घेऊन करून बघा, आधी 5 पेअर (लिस्टमधल्या प्रत्येक आकड्याला एक पेअर लागते), मग 4, मग 3, 2, 1, म्हणजे 15 बांधल्या आणि कामाच्या होत्या 5. आता 10,000 ला तेच करा, 5 कोटींच्या वर जातं. 64-बिट चेझमध्ये (Chez, स्कीम चालवणारा एक कंपायलर) एक पेअर 16 बाइटची, म्हणून टाइम (time) लावून चालवलं तर खाली बाइट्सच्या ओळीत 80 कोटींच्या पुढचा आकडा येतो. मी ती ओळ वाचतच नव्हतो, फक्त सेकंद बघत होतो.

त्यात एका सीनियरने सांगितलेलं की अप्लायला खर्च नसतो. तो क्लोजर (Clojure) या दुसऱ्या भाषेतला, तिकडे अप्लाय उरलेला सीक्वेन्स रेस्टला तसाच देतं, म्हणून त्याच्या जागी तो बरोबरच होता. पण मेंटर कितीही मोठा असू दे, न मोजता सांगितलेलं परफॉर्मन्सबद्दलचं काहीही मी आता घेत नाही, तुम्हीपण घेऊ नका.

घाबरू नका, दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. बाहेरून फंक्शन कितीही आर्ग्युमेंटचं राहू दे, आत नेम्ड लेट (नाव दिलेला लूप) लावून लिस्टवर फिरा, अप्लाय लूपमध्ये नको. लिस्ट एकदाच बनते, 10,000 ला 1,60,000 बाइट. आणि दोनच आर्ग्युमेंटचे कॉल जास्त असतील तर केस-लॅम्डा (case-lambda, आर्ग्युमेंटच्या संख्येप्रमाणे वेगळा क्लॉज) घ्या, दोनच्या क्लॉजमध्ये रेस्टची लिस्ट बनतच नाही. क्लोजरच्या कोर लायब्ररीत कॉम्प (comp) आणि पार्शियल (partial) ही फंक्शन्स अशीच लिहिलीत, कमी आर्ग्युमेंटचे प्रकार हाताने वेगळे आणि रेस्टवाला शेवटी. मॅक्रो लिहून सोडवायचा शॉर्टकट मात्र नको, मॅक्रो (कोड चालण्याआधीच उलगडला जातो) मॅपला, म्हणजे लिस्टमधल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनला, देता येत नाही आणि मग परत फंक्शन लिहावंच लागतं.

केस-लॅम्डात रेस्टचा क्लॉज सगळ्यात खाली ठेवा. क्लॉज वरून खाली तपासले जातात, तो वर राहिला तर दोनवाल्यापर्यंत कॉल पोचतच नाही, एरर पण येत नाही, फक्त बाइट्स कमी होत नाहीत.