मॉन्स्टरची भीतीच वाटत नाही? डीएम मंडळी, या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, गोष्ट रचत खेळायच्या खेळाच्या टेबलवर हे दृश्य नेहमीचं आहे. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि मॉन्स्टर खेळवणारा) म्हणतो, "गुहेतून ट्रोल बाहेर येतो." एक प्लेअर लगेच सांगतो, "आग नाहीतर अ‍ॅसिड वापरा रे, त्याच्या जखमा भरून येतात." दुसरा फोन बघत असतो. ट्रोल मरतो, एक्सपी (अनुभवाचे गुण) वाटले जातात, पुढे चला. माणसं खाणारा राक्षस समोर उभा असून कुणाच्या पोटात गोळा येत नसेल, तर गडबड बहुतेक वेळा खेळवण्यात असते. आणि ती दुरुस्त करता येते. (खालचे सगळे आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत.)

हिट पॉइंट फुगवणं

बहुतेक डीएम पहिला उपाय हाच करतात: ट्रोलचे ८४ हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) सरळ १५० करून टाकायचे. त्याने फक्त लढाई लांबते. तिसऱ्या राउंडपर्यंत प्लेअरना कळून चुकतं की आपल्याला काही होत नाही, नुसती वजाबाकी चालू आहे.

उलट करून बघा. हिट पॉइंट साठावर आणा आणि त्याच्या प्रत्येक वारात एक डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा) वाढवा. ट्रोल एका टर्नमध्ये (पाळीत) एकदा चावतो आणि दोनदा पंजे मारतो. तिन्ही लागले तर मूळ डॅमेज सरासरी २९ होतं, वाढवल्यावर ३९ च्या आसपास जातं. पाचव्या लेव्हलच्या, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असलेल्या विझार्डकडे (जादूगाराकडे) साधारण ३२ हिट पॉइंट असतात. म्हणजे ट्रोल त्याच्यापर्यंत पोचला तर विझार्ड एका टर्नमध्ये आडवा होऊ शकतो. आता सगळं टेबल विझार्डला वाचवायच्या मागे लागतं, आणि लढाई लवकर संपते तरी लक्षात राहते.

नाव आधी सांगून टाकणं

"ट्रोल" हा शब्द ऐकला की अनुभवी प्लेअरच्या डोक्यात त्याची सगळी माहिती उघडते. म्हणून नाव शेवटपर्यंत राखून ठेवा, खुणा आधी दाखवा. समजा पार्टी (प्लेअरच्या कॅरेक्टरची टोळी) गावात शिरते. लोहाराच्या दुकानात साखळदंडाने बांधलेली पेटी आहे आणि आतून खरवडल्याचा आवाज येतोय. उघडली तर खांद्यापासून तोडलेला हिरवट हात, बोटं हलवत झाकण शोधणारा. लोहार म्हणतो, "आत्ताच तोडलाय. तो येईल आता, हात न्यायला." तुटलेला अवयव आपापला हलतो, असा ट्रोलसाठीचा पर्यायी नियम पुस्तकातच आहे. एवढ्या एका पेटीने तीन गोष्टी साधतात: तो मरत नाही हे कळतं, तो इथेच येणार हे कळतं, आणि वेळ थोडा आहे हेही कळतं. तयारीला वेळ मिळाला की प्लेअर स्वतःच एकमेकांना घाबरवतात.

गॉब्लिन रांगेत उभे करणं

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक ही. गॉब्लिन या बुटक्या राक्षसाचे हिट पॉइंट फक्त ७, मोकळ्या मैदानात तो एका घावात जातो. पण दर टर्नला बोनस अ‍ॅक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा कृतीत) लपायची किंवा अंगाशी भिडलेल्या शत्रूपासून वार न खाता सटकायची सोय त्याच्याकडे आहे, आणि त्याचं धनुष्य ८० फुटांवरून नीट चालतं. मग तो तलवारवाल्या फायटरच्या समोर का येईल? झाडीतून बाण, लगेच लपणं, पुढच्या टर्नला दुसऱ्या झुडपातून अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायची सवलत) घेऊन पुन्हा बाण. फायटरचा वेग ३० फूट. तो पोचेपर्यंत तिथे कुणी नसतं. १९८७ साली 'ड्रॅगन' मासिकाच्या संपादकीयात रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डीएमच्या कोबोल्डांबद्दल लिहिलं होतं. हे चिमुकले प्राणी अरुंद बोगदे, जळते अडथळे आणि भिंतींतली भोकं यांच्या जोरावर बलाढ्य पार्ट्यांना पळवून लावत. त्यांचे आकडे वाढवायची गरजच पडली नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

एकटा बॉस चार प्लेअरसमोर टिकत नाही, कारण त्याच्या एका टर्नला त्यांचे चार असतात. त्याला साथीदार द्या, किंवा मोठ्या ड्रॅगनना असतात तशा लीजेंडरी अ‍ॅक्शन (इतरांच्या टर्ननंतर करायच्या जादा कृती) द्या.

धोका फक्त हिट पॉइंटला नको. घूल या प्रेतं खाणाऱ्या पिशाच्चाचा पंजा जागच्या जागी खिळवून टाकतो, रस्ट मॉन्स्टर साधी लोखंडी शस्त्रं आणि चिलखत गंजवतो, शॅडो नावाचं भूत स्ट्रेंग्थ (ताकद) शोषून घेतं. आवडती तलवार जाईल म्हटल्यावर चिडीचूप झालेले प्लेअर मी पाहिलेत.

डाइस पडद्यामागे फिरवून प्लेअरना गुपचूप वाचवू नका. हे दोनदा झालं की त्यांना वास येतो आणि पुढची प्रत्येक लढाई फुकट जाते. महत्त्वाचे रोल सगळ्यांसमोर करा.

प्रत्येक मॉन्स्टरला मरेपर्यंत लढवू नका. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात यासाठी मोराल (धीराचा आकडा) होतं: पहिला साथीदार पडला किंवा अर्धी टोळी गारद झाली की दोन डी-सिक्स टाकायचे, आकडा मोरालपेक्षा जास्त आला तर ती माघार घेते किंवा पळते. हा नियम आजही जसाच्या तसा चालतो. पळालेला गॉब्लिन पार्टीची पद्धत बघून गेलेला असतो. पुढच्या वेळी त्याची टोळी आधी क्लेरिकवर (जखमा भरणाऱ्या पुजाऱ्यावर) नेम धरेल.

आणि बेशुद्ध पडलेल्या कॅरेक्टरवर वार करायचा असेल, तर त्याची बोली कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग गोष्ट) सुरू होण्याआधीच सगळ्यांशी करून घ्या. पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार दोन डेथ सेव्ह (जगण्यासाठीचे रोल; तीन फसले की मरण) खातो, म्हणजे दोन वारांत कॅरेक्टर कायमचं गेलं. काही जणांना असाच खेळ हवा असतो, काहींना अजिबात नको असतो. विचारल्याशिवाय कळत नाही.