मणक्यात रॉड घालण्याआधी रेडिएशनवाल्यांनाही विचारा

"मॅडम, डॉक्टरांनी स्क्रू घातलेच नाहीत का?" फलटणहून आलेला एक मुलगा आईचा एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून विचारत होता. घाबरला होता. शेजारच्या बाकावरच्या आजोबांच्या फिल्मवर पांढरेशुभ्र खिळे लखलखत होते आणि याच्या आईच्या पाठीत दिसत होते फक्त बारीक ठिपके आणि पुसटशा कडा. मी त्याला बोट ठेवून ते ठिपके मोजायला लावले. आठ स्क्रू होते आणि आठही जागेवर होते. ते कार्बन-फायबरचे होते, आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. १६ वर्षं रेडिएशनच्या प्लॅनिंग रूममध्ये काम करते. मणक्यातल्या कॅन्सरच्या गाठीला डोस किती, तो कुठल्या कोनातून द्यायचा आणि शेजारच्या मज्जारज्जूला कसं वाचवायचं, हे गणित माझ्याकडे असतं. ऑपरेशन करायचं की नाही आणि कसं, ते सर्जनच ठरवतील. पण आत घालायचा रॉड कशाचा असावा, नेहमीच्या टायटॅनियम धातूचा की कार्बन-फायबरचा, हे ऑपरेशनच्या आधी विचारायचं असतं. नंतर आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

आधी एक गोष्ट. कॅन्सरच्या पेशंटचे पाय जड पडायला लागले, चालताना तोल जाऊ लागला, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखू लागलं, लघवी अडकली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. मज्जारज्जूवर दाब आला असण्याची शक्यता असते. ऑपरेशनला जाईपर्यंत जो चालतोय, तो नंतरही चालण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. अशा वेळी हॉस्पिटलात टायटॅनियम तयार असेल तर टायटॅनियमच घाला. कार्बनचा सेट येईपर्यंत दोन दिवस थांबा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

हातात चार-आठ दिवस असतील तर सर्जनना पहिलं विचारा, "सिन्स स्कोअर किती आहे?" गाठीमुळे मणका किती डळमळीत झालाय हे मोजायची ही पद्धत २०१० साली आली. गाठ कुठल्या मणक्यात आहे, दुखणं कसं आहे, हाड पोखरलंय का, कण्याची रेष सरकलीय का, मणका किती खचलाय आणि मागच्या सांध्यांपर्यंत गाठ गेलीय का, अशा सहा गोष्टींचे गुण मिळवतात. ६ पर्यंत मणका स्थिर, ७ ते १२ मध्ये शंका, १३ ते १८ म्हणजे अस्थिर. यातली दुखण्याची माहिती फक्त तुम्हीच नीट देऊ शकता. आडवं पडल्यावर दुखणं थांबतं आणि उठून बसलं की कळ येते, की रात्री झोपेतही ठणकतं? दोन दिवस वहीत वेळेसकट लिहून ठेवा आणि ती वही ओपीडीत न्या. हलताना येणारी कळ हाड आधार देत नसल्याची खूण असते, आणि तो आधार नुसत्या रेडिएशननं परत येत नाही. म्हणून रॉड-स्क्रू.

आता माझ्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगते. रेडिएशनला गावाकडे कुणी शेक म्हणतात, कुणी लाईट. त्याचं सगळं प्लॅनिंग सीटीवर होतं. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाण्याला ०, हवेला उणे १०००, हाडाला काही शे ते हजाराच्या वर. नेहमीच्या सेटिंगमध्ये हा आकडा ३०७१ च्या पुढे लिहिलाच जात नाही. टायटॅनियम त्या मर्यादेच्याही पलीकडे जातं. शिवाय स्क्रूच्या दोन्ही बाजूंना काळे-पांढरे पट्टे उमटतात, ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखे. ते नेमके मज्जारज्जूवरून जातात, कारण स्क्रू त्याच्या दोन्ही अंगांनीच घातलेले असतात. मग आम्ही त्या पट्ट्यांखालच्या भागाला हातानं घनता देतो आणि डॉक्टर अंदाजानं रेषा काढतात. एमआरआयवरही धातूभोवती काळा डाग पडतो. गाठ आणि मज्जारज्जू यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर असतं, तेव्हा असा अंदाज छातीत धडकी भरवतो.

काही वर्षांपूर्वी एका बाईंचं ऑपरेशन दुसऱ्या एका हॉस्पिटलात झालं आणि त्या रेडिएशनला आमच्याकडे आल्या. रॉड उत्तम बसवले होते. पण एमआरआयवर मज्जारज्जू दिसेना. शेवटी पाठीतून सुई घालून, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडून सीटी मायलोग्राम करावा लागला. मुळात सुई टोचायलाच जागा सापडेना, त्या पाऊण तास कुशीवर कण्हत होत्या. रेडिएशन नऊ दिवस लांबलं. त्यांना रेडिएशन लागणार हे ऑपरेशनच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं. पण ऑपरेशनच्या आधी आम्हाला कुणी एक फोन केला नाही. ती तळमळ आजही जात नाही, म्हणूनच हे लिहायला बसले.

कार्बनच्या इम्प्लांटमध्ये पीईईके नावाच्या टणक प्लॅस्टिकमध्ये कार्बनचे धागे घट्ट बसवलेले असतात. रंग काळा, हातात घेतलं की हलकं. स्वित्झर्लंड आणि इस्रायलमधल्या कंपन्यांचे सेट ओळखीचे आहेत. एक्स-रेवर ते जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणून त्यांत टँटलम या धातूच्या बारीक खुणा ठेवतात आणि काही स्क्रूंवर टायटॅनियमचा पातळ थर असतो. म्हणजे सीटीवर थोडी खूण उमटते, पण पट्टे फारसे नाहीत. मज्जारज्जूची कड दिसते, किरण वाटेत फारसे अडत-विखुरत नाहीत आणि पुढे गाठ परत आली तर एमआरआयवर लवकर कळते.

म्हणून सर्जनकडे फक्त "कार्बन घाला" एवढाच हट्ट करू नका. विचारायचा प्रश्न असा: "ऑपरेशननंतर नेमकं कुठलं रेडिएशन होणार आहे?" दुखणं कमी करण्यासाठी एकदाच ८ ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं माप) किंवा पाच दिवसांत २० ग्रे, असं साधं रेडिएशन असेल, तर टायटॅनियमवरही काम चांगलं होतं. अशा वेळी महागड्या कार्बनसाठी दागिने मोडू नका. पण एसबीआरटी, म्हणजे एक ते पाच बैठकांत नेम धरून दिलेला मोठा डोस, ठरत असेल, गाठ कॉर्डोमा किंवा सार्कोमासारखी, खूप जास्त डोस मागणारी असेल, किंवा प्रोटॉन रेडिएशनचा विचार असेल, तर कार्बनसाठी मी आग्रह धरीन. प्रोटॉनचा किरण ठरावीक खोलीवर थांबतो आणि वाटेतल्या धातूमुळे ती खोलीच चुकू शकते. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात हे उपचार २०२३ पासून मिळू लागले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता आपल्या दारातला आहे.

कार्बनच्या अडचणीही ऐकून घ्या. टायटॅनियमचा रॉड सर्जन टेबलावरच वाकवून पाठीच्या बाकाला जुळवतात. कार्बनचा रॉड असा वाकवता येत नाही, कंपनीकडून येतो त्याच बाकात वापरावा लागतो. पाठीला मोठं पोक आलं असेल, खूप लांबपर्यंत रॉड घालायचा असेल, तर सर्जन "नको" म्हणतील आणि त्यांचं ते म्हणणं बरोबर असेल. टायटॅनियमचा अनुभवही कितीतरी दशकांचा आहे. टायटॅनियमच ठरलं, तर एमआरआय ३ टेस्लाऐवजी १.५ टेस्लाच्या मशीनवर करा, डाग कमी पडतो. सीटीवर धातूचे पट्टे कमी करणारं सॉफ्टवेअर आहे का, हेही विचारा.

माझं कळकळीचं सांगणं असं, की सर्जन आणि रेडिएशनच्या डॉक्टरांची भेट ऑपरेशनच्या आधी घडवून आणा. ट्यूमर बोर्ड, म्हणजे कॅन्सरच्या वेगवेगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक, असेल तर तिथे केस ठेवायला सांगा. नसेल तर एका डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुसऱ्यांकडे स्वतः जा. संकोच करू नका, कुठलाही चांगला डॉक्टर यात अपमान मानत नाही.

पैशांचं आधी आणि लेखी. कार्बनचा सेट टायटॅनियमपेक्षा बराच महाग पडतो. कोटेशनवर स्क्रू किती, रॉड किती आणि प्रत्येकाची किंमत किती हे वेगळं लिहून घ्या. विम्याच्या मंजुरीत इम्प्लांटचं नाव आहे का ते बघा. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन होणार असेल तर इम्प्लांट पॅकेजमध्ये बसतं की वरचे पैसे भरावे लागतील, हे आरोग्यमित्रांना भरतीच्या आधीच विचारा.

ऑपरेशननंतर घरी कूस बदलताना खांदा आणि कंबर एकदमच वळवा, ओंडका वळवतात तसं. जखम भरायला साधारण दोन-तीन आठवडे देऊन मग रेडिएशन सुरू होतं. टाके ओले वाटले, ताप आला तर आमची तारीख पुढे जाऊ द्या, पण लपवू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर घरी साखर तपासत राहा. प्लॅनिंगच्या सीटीला कडक टेबलावर बराच वेळ हलता येत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी वेदनाशामक द्या. एसबीआरटीनंतर काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं. ते बहुधा उतरतं. पण अचानक कड्कन झाल्यासारखी कळ आली तर फोन करा, मणका खचलेला असू शकतो.

आणि स्टिकर. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर नाव आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवतात. त्या पानाची झेरॉक्स मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डावर "कार्बन-फायबर" हा शब्द लिहून घ्या. नुसतं "इम्प्लांट आहे" एवढंच लिहिलं असलं की एमआरआय सेंटरवाले पेशंटला परत पाठवतात. मी हे दोनदा पाहिलंय.

फलटणच्या त्या बाईंचा एमआरआय तीन महिन्यांनी माझ्या स्क्रीनवर आला. मधोमध मज्जारज्जूचं राखाडी वर्तुळ आणि त्याभोवती पाण्याचं पांढरं कडं, कुठेही न तुटलेलं. मुलगा बाहेर उभा होता. त्याच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आठही स्क्रूंचे स्टिकर होते, वर सेलोटेप लावून.