मोठे टायर घेण्याआधी तीन पेन्सिली लावून बघा

टायर बसवून झाल्यावर कळतं की स्टिअरिंग वळवलं की घासतो. तोवर पैसे गेलेले असतात.

२१५/६० आर१६ या साइजवरून २१५/६५ आर१६ वर गेलात तर टायर सुमारे २१ मिमी उंच होतो, पण गाडी त्याच्या निम्मीच, १०-११ मिमी उचलली जाते. म्हणून:

१. तीन साध्या पेन्सिली शेजारीशेजारी टेपने बांधा. झाली साधारण २० मिमी रुंदीची पट्टी; फटीत ती रुंदीच्या बाजूने उभी धरा.
२. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. दोन्ही वेळा पट्टी चाकाच्या पुढच्या-मागच्या लायनरपाशी (चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिकचं आवरण) सरकवा.
३. शॉकअपवर स्प्रिंग ज्या वाटीत बसते, तिच्या आणि टायरच्या मध्येही सरकवा. खरी अडचण इथेच येते. वर स्पेसर (जाड चकती) टाकून गाडी उचलली तरी ही फट तेवढीच राहते, कारण वाटी चाकासोबतच हलते.

पट्टी अडली तर तो साइज सोडा. लायनरपाशी मात्र बोटभर जास्तच फट हवी. उमरेडकडच्या शेतरस्त्यावर पावसाळ्यात काळी माती टायरला थापली जाते, ती हिशेबात कोणी धरत नाही.

स्पेसर हवाच असेल तर २०-२५ मिमीवर थांबा. त्यापुढे ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, त्यावरचं रबरी आवरण म्हणजे बूट फाटतो. बसवल्यावर व्हील अलाइनमेंट लगेच.

सांभाळा: नव्या टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) जुन्यापेक्षा कमी नको. आणि आता स्पीडचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा ३ किमीने जास्त पळत असेल, वर्धा रोडवर हे ध्यानात असू द्या.