शाळेची वाट सुरक्षित करायची असेल, तर या चुका टाळा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पहिल्याच पालकसभेत रस्त्याचा विषय निघतो आणि त्यापाठोपाठ ठरलेले उपायही निघतात. गेटासमोर स्पीडब्रेकर टाका, वॉचमनला शिट्टी द्या, मुलांना हेल्मेट वाटा आणि जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात चित्रकला स्पर्धा घ्या, असे ते उपाय असतात. शाळांच्या बोलावण्यावरून पुणे जिल्ह्यात आणि आसपासच्या तालुक्यांत शाळांसमोरचे रस्ते पाहायला मी अनेक वर्षे जात आहे. चालत किंवा सायकलने येणाऱ्या मुलाला शिस्त लावण्याची सर्वांना घाई असते, पण त्या मुलाच्या वाटेवरून शाळा भरताना आणि सुटताना एकदा स्वतः चालून पाहण्याची तसदी फार थोडे जण घेतात. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ या आळसात आहे.

रातोरात घातलेला स्पीडब्रेकर

एका तालुक्याच्या गावी शाळेसमोर सायकलवरच्या मुलीला दुचाकीचा धक्का बसला. खरचटण्यावर निभावले, परंतु गाव चिडले आणि दुसऱ्याच दिवशी जवळच्या कामावरून डांबर-खडी आणून लोकांनी रस्त्यावर उंचवटा घातला. तो जेमतेम दीड फूट रुंद आणि वीतभर उंच होता, त्यावर रंग नव्हता, आधी फलक नव्हता, आणि पावसाचे पाणी तुंबू नये म्हणून दोन्ही टोकांना गटारापर्यंत हातभर जागा मोकळी ठेवली होती. सर्वांना वाटले, काम झाले.

मी तिथे पोचलो तेव्हा शाळा सुटत होती. उंचवटा दिसला की प्रत्येक दुचाकीस्वार वेग न कमी करता डावीकडे हँडल वळवत होता आणि एक पाय खाली सोडून त्या हातभर फटीतून गटाराच्या कडेने निघत होता. मुलीही त्याच कडेने घरी चालल्या होत्या, कारण चालायला दुसरी जागाच नव्हती. सहावी-सातवीतली एक मुलगी दप्तर पोटाशी धरून कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून उभी होती आणि फटीतून येणाऱ्या गाड्या संपण्याची वाट पाहत होती. पूर्वी गाड्या रस्त्याच्या मधून जात होत्या. या उपायाने त्या मुलांच्या अंगावर आणून सोडल्या. पुढे एका पहाटे दूधवाला कॅनसकट त्या उंचवट्यावर पडला आणि कोणीतरी पहारीने त्याचा अर्धा भाग उखडून टाकला. उरलेला अर्धा भाग अधिकच वाईट ठरला, कारण मग चारचाक्याही त्याला वळसा घालू लागल्या.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोलाकार स्पीडब्रेकरचे माप दिलेले आहे. तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने येणारी गाडी कंबर न मोडता त्यावरून जाते आणि वेगात येणाऱ्याला मात्र तो जाणवतो. अरुंद आणि उंच उंचवटा चालकाला शिक्षा करतो, त्यामुळे चालक त्याला चुकवण्याची वाट शोधतो. माझी पद्धत अशी आहे की उंचवटा रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग घ्यायला लावायचा, पाण्यासाठी कडेला झाकलेली नाली ठेवायला सांगायची, आणि जिथे फट ठेवणे भागच आहे तिथे मधोमध खांब रोवून घ्यायचा, म्हणजे मूल जाईल पण मोटारसायकलचे हँडल जाणार नाही. रंगाचे पट्टे आणि आधीचा फलक त्याच दिवशी झाले पाहिजेत. 'रंग नंतर मारू' हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही. पैसा आणि जागा असेल, तर मुले जिथून ओलांडतात तिथे सपाट माथ्याचा उंच झेब्रा हा सर्वांत चांगला उपाय आहे.

वेगाचा एवढा आग्रह का, असे पालक विचारतात, तेव्हा मी साधा हिशेब मांडतो. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी चालकाला मूल दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला तिला आणखी तितकेच अंतर लागते. ताशी ३० ने येणारी गाडी १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबलेली असते. म्हणजे हळू येणारा ज्या ठिकाणी थांबतो, त्या ठिकाणी वेगात येणाऱ्याने अजून ब्रेकलाही हात घातलेला नसतो. पादचारी, सायकली आणि वाहने जिथे एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० असावी, असे २०२० च्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे, ते याच कारणाने.

'फक्त दोन मिनिटे' गेटासमोर

शाळेसमोरच्या वाहतुकीची तक्रार सर्वांत मोठ्या आवाजात करणारे पालक बहुतेक वेळा स्वतःच ती वाहतूक असतात. मूल गेटाच्या उंबऱ्यावरच उतरले पाहिजे, या हट्टापायी मोटारी दुहेरी रांगेत उभ्या राहतात, रिक्षाकाका आणि व्हॅनकाका त्यांच्या बाहेरून वळसा घेतात, आणि चालत आलेले मूल दोन मोटारींच्या मधून रस्त्यावर डोकावते. बंपरच्या उंचीचे मूल कोणत्याही चालकाला दिसत नाही, आणि मागे घेणाऱ्या गाडीला तर मुळीच नाही. म्हणून माझा पहिला नियम असा आहे की शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी गेटासमोर कोणतेही वाहन रिव्हर्स घ्यायचे नाही, मग चालक कितीही जुना असो.

वाहने शाळेपासून दोनशे-तीनशे मीटर अलीकडे थांबवावीत आणि तिथून मुलांनी चालत यावे. शाळेला दुसरे फाटक असेल तर ते चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना द्यावे. नसेल तर सुटताना त्यांना वाहनवाल्या मुलांच्या दहा मिनिटे आधी सोडावे. यावर 'आमच्याकडे हे चालणार नाही' असे हमखास ऐकायला मिळते. इटलीतील बोल्झानो शहरात शाळेच्या वेळेला शाळेची गल्ली वाहनांसाठी बंद ठेवण्याची रीत १९८९ पासून आहे, आणि तिथल्या पालकांनाही कामावर जायचे असतेच.

उजवीकडे की डावीकडे

या चुकीचा मला विशेष राग येतो, कारण ती टाळायला एक पैसाही लागत नाही. इंटरनेटवरून उतरवलेली भित्तिपत्रके वर्गात लावली जातात आणि त्यांवर 'आधी डावीकडे पाहा' असे लिहिलेले असते. ही अमेरिकेची शिकवण आहे, कारण तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे कडेवरून पाऊल खाली टाकताच जवळची गाडी उजवीकडून येते. म्हणून आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहायचे. मधे दुभाजक असेल तर त्यावर थांबून पुढच्या अर्ध्यासाठी आधी डावीकडे पाहायचे. आणि राँग साइडने येणारे महाभाग सर्वत्र असल्यामुळे एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे मान वळवायचीच.

फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर मुलांना डाव्या कडेने चालायला सांगणे हीदेखील तशीच चूक आहे, कारण त्यामुळे वाहन पाठीमागून येते. चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालावे. सायकलवाल्याने मात्र डावीकडूनच जावे.

याच संदर्भात एक सवय मोडायला हवी. मोटार थांबवून आतला भला माणूस हाताने 'जा' अशी खूण करतो, मूल धावत निघते आणि त्या मोटारीच्या बाजूने एखादी दुचाकी सुसाट पुढे येते. मुलाला एवढेच शिकवा की थांबलेल्या गाडीच्या नाकापर्यंत जायचे, तिथे पुन्हा थांबायचे आणि डोकावून पलीकडची बाजू पाहायची. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग नीट जोखता येत नाही, त्यामुळे त्याआधी मुलाला मोठ्या रस्त्यावर एकटे सोडून 'आमचा अगदी हुशार आहे' असे सांगू नये.

वाढत्या अंगाची सायकल

गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तशीच सायकलही घेतली जाते. मग पाचवीतला मुलगा सीटवर बसला की अंगठेही टेकत नाहीत, ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे पोचत नाहीत, आणि थांबायचे असेल तेव्हा तो उडी मारतो. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत आणि हँडलवरची मूठ न सोडता ब्रेक दाबता आला पाहिजे. दुकानदार 'सीट खाली करून देतो' म्हणेल, पण सीट खाली केल्याने हँडल जवळ येत नाही.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, ही उत्तम गोष्ट आहे. पण सायकल आल्यानंतर तिच्याकडे कोण पाहते? ब्रेकचे रबर झिजून लोखंड रिमला घासू लागते तरी कोणाच्या लक्षात येत नाही. दर सोमवारी सायकल घेऊन चालावे, आधी पुढचा आणि मग मागचा ब्रेक दाबावा, आणि चाक फिरत राहिले तर ती सायकल त्या दिवशी शाळेला नेऊ नये. पावसाळ्यात ही तपासणी ओल्या चाकावर करावी, कारण ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो.

पाण्याची बाटली आणि डब्याची पिशवी हँडलला कधीही अडकवू नये, कारण ती पुढच्या चाकात गेली की मूल हँडलवरून पलीकडे पडते. मी सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घेतो आणि त्यांनी कॅरिअरवर सामान आवळून बांधायला शिकवतो. बाजारातल्या रंगीत दोऱ्यांपेक्षा त्या अधिक टिकतात. ओढणी बांधून घेतल्याशिवाय सायकलवर बसायचे नाही. हेल्मेट कपाळ उघडे टाकून मागे सरकवले तर त्याचा उपयोग नाही. ते भुवईच्या दोन बोटे वर आडवे बसले पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असला पाहिजे.

थोडक्यात सांगता येणाऱ्या चुका

आरएसपीच्या, म्हणजे शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकातल्या, मुलांना वाहतूक अडवायला रस्त्याच्या मधोमध उभे करू नका. ते काम मोठ्यांचे आहे.

थांबलेल्या एसटीच्या पुढून किंवा मागून लगेच रस्ता ओलांडू नये, ती निघून जाऊ द्यावी.

वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूला सायकल नेऊ नये, तिथले चालकाला दिसत नाही.

नववीतल्या मुलाला 'सायकलपेक्षा बरी' म्हणून स्कूटर देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा प्रकरणात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

सकाळच्या सत्राचा विचार मात्र एका ओळीत संपत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितले, पण वरच्या वर्गांची मुले जानेवारीत अंधारातच घर सोडतात. ऊस पट्ट्यात हाच गाळपाचा हंगाम असतो, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर लावता रस्त्यावर असतो. सायकलच्या मागच्या मडगार्डवर आणि दप्तरावर चकाकणारी पट्टी चिकटवा, मुलांना तीन-चार जणांच्या गटाने पाठवा, आणि कारखान्याकडे ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची लेखी मागणी हंगाम सुरू होण्याआधी करा, अर्धा हंगाम उलटल्यावर नाही.

चुकीच्या दारात अर्ज

नगरपरिषदेला पत्रावर पत्र लिहिणारी शाळा मी पाहिली आहे, आणि तो रस्ता नगरपरिषदेचा नव्हताच. राज्यमार्ग असेल तर अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो, राष्ट्रीय महामार्गासाठी महामार्गाचे कार्यालय वेगळे असते, आणि शहरातल्या गल्लीसाठी महापालिकेचा पथ विभाग असतो. रस्ता कोणाचा हे आधी विचारा. 'मुलांच्या जिवाला धोका आहे' एवढेच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. त्याऐवजी मुले नेमकी कुठून ओलांडतात त्याचा हाताने काढलेला नकाशा, शाळा सुटतानाचे फोटो आणि एकच नेमकी मागणी असावी. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि तिच्यावर पालकांबरोबर पोलीस व परिवहन खात्याचे प्रतिनिधीही असतात. बहुतेक शाळांत ती फक्त बसच्या भाड्यापुरती आठवते. चालणाऱ्या आणि सायकलवरच्या मुलांचा विषय तिच्या बैठकीत घ्या, तो इतिवृत्तात नोंदवून घ्या, त्याची प्रत अर्जाला जोडा आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.