अडकलेले 4 युनिट

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून मी सरकारी विद्यापीठात गेले. युनिट (म्हणजे क्रेडिट) जमा झाले, पण स्टॅटिस्टिक्स नुसतं 'इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून! मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, अट तशीच. म्हणजे पुन्हा तोच विषय, पुन्हा फी.

आई फोनवर म्हणाली, "अगं, विचारून तर बघ."

'असिस्ट' या साइटवर कॉलेजचा कुठला विषय विद्यापीठात कशाच्या बरोबरीचा धरायचा, याचा दोन्ही संस्थांमधला करार उघडला. मी विषय घेतला त्या वर्षाचा. आधी चालू वर्षाचा बघत बसले होते. त्या जुन्या वर्षाच्या करारात कॉलेजचा आणि विद्यापीठाचा स्टॅटिस्टिक्स विषय समकक्ष दाखवले होते. ते पान आणि जुना सिलॅबस (नशीब, रद्दीत गेला नव्हता) जोडून विभागाच्या सल्लागार बाईंकडे अर्ज दिला. तीन आठवड्यांनी नोंद बदलली. 4 सेमिस्टर युनिटचे क्वार्टर (छोट्या सत्रांच्या) पद्धतीत 6 होतात, हेही तेव्हाच कळलं.