पहिला नट सोडण्याआधी: घरच्या जुन्या पिकअपची तयारी

घरची जुनी पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायची असं ठरलं की हात आधी पान्याकडे जातो. तो थोडा आवरा. पहिल्या दिवशी लागते ती वही, पेन्सिल आणि कॅमेरा. त्या वहीत पहिली यादी करायची ती काय बदलायचं याची नाही, काय आहे तसंच ठेवायचं याची. विकत आणलेल्या जुन्या गाडीला ही यादी लागत नाही. घरच्या गाडीला लागते, कारण एकदा घासकागद फिरला की त्या खुणा परत आणता येत नाहीत.

आमच्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दारावर, काच जिथे खाली जाते त्या कडेला एक लांबट डाग आहे. तिथला रंग झिजून खालचा तपकिरी प्रायमर दिसतो आणि त्याच्या मधोमध नखाएवढा पत्रा चकाकतो. आजोबा गाडी चालवताना कोपर तिथेच टेकवायचे. पेंटरने तो डाग एका दुपारीत बुजवला असता. यादीत पहिल्या ओळीवर तो होता म्हणून वाचला. आता वर्षातून दोनदा तेवढ्या जागेला मेण चोळतो, गंज धरत नाही. तुमच्या गाडीत अशी जागा वेगळी असेल: एकाच कोपऱ्यात झिजलेलं क्लचच्या पेडलचं रबर, फाळक्यावरचा पोचा, दारावर हाताने रंगवलेली अक्षरं. अक्षरं असतील तर पट्टी शेजारी धरून फोटो काढा आणि पारदर्शक कागदावर त्यांचा माग घ्या. दार नवीन रंगवावंच लागलं तरी मग ती त्याच वळणाने पुन्हा लिहिता येतात.

याच दिवसांत घरातल्या मोठ्या माणसांकडे बसा आणि एक प्रश्न नक्की विचारा: गाडी उभी का केली? ‘चांगली चालू होती, नुसती उभी राहिली’ हे उत्तर पहिल्यांदा मिळतं. थोडं बोलू द्या. मग तिसरा गिअर सुटायचा, घाटात पाणी उकळायचं, असं काहीतरी आठवतं. त्या एका आठवणीने इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलायचा की नाही हे ठरतं, म्हणून ती शब्दशः लिहून घ्या. सीट उचलून खालीही बघा. जुन्या पावत्या, सर्व्हिसची नोंद, कधी हरवलेली किल्ली तिथेच सापडते.

कागदपत्रं पुढची पायरी. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतात का ते आत्ताच ताडून घ्या. नंबरावर गंज असेल तर मऊ ब्रश आणि तेल वापरा, ग्राइंडर त्या जागेच्या जवळही नेऊ नका. वर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि फाइलला लावा. इंजिन किंवा चासी बदलायचा विचार असेल तर नियम देशोदेशी वेगळे आहेत, तेव्हा विचारणा काम सुरू करण्याआधी करा.

मग गाडी कशासाठी हवी ते एका वाक्यात लिहा. माझं मत स्पष्ट आहे: घरच्या पिकअपसाठी ‘चालती, सुरक्षित आणि ओळखीची’ एवढंच ध्येय पुरे. प्रदर्शनासाठी आरशासारखी केलेली गाडी घरच्यांनाच परकी वाटते, आणि हौद्यात एक पोतं टाकायलाही मन धजत नाही. हे वाक्य भिंतीवर लावा. काम लांबतं तेव्हा दर महिन्याला ध्येय थोडं थोडं फुगत जातं आणि अर्धी सोडलेली गाडी वर्षानुवर्षं खोक्यांत पडून राहते.

आता तपासणी. बोथट टोचा, टॉर्च आणि मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घ्या. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लुकणाचा, जाड थर आहे किंवा पत्राच उरलेला नाही. केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा, दाराच्या उंबऱ्याखालची पोकळ पेटी, रेडिएटर धरणारी चौकट आणि केबिन चासीवर जिथे टेकते त्या जागा, या पाच ठिकाणी टोचा न लाजता दाबा. आत जाऊ दे, आत्ता गेलेला बरा. चासीवर स्प्रिंगचे पाटे जिथे अडकवलेले असतात ते ब्रॅकेट आणि त्यांचे रिव्हेट नीट बघा. दोन्ही बाजूंची तीच भोकं धरून चासीचे कर्ण टेपने मोजा. दोन कर्णांत काही मिलिमीटरहून जास्त फरक आला किंवा चासीला तडा दिसला, तर ते काम घरचं नाही. पत्रा घरी जोडता येतो, चासी जाणत्या माणसाकडेच द्यावी.

जागा गाडीच्या दुप्पट लागते. मडगार्ड, दारं, बॉनेट, सीट सुटली की तेवढीच दुसरी गाडी जमिनीवर पसरते. फरशी सपाट आणि कडक हवी, वर पाणी गळू नये, उजेड दोन बाजूंनी हवा. गाडी उचलायला जॅक आणि उचललेली पेलायला घोड्या, त्याही गाडीच्या वजनाला पुरून उरतील अशा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, आणि सिमेंटच्या पोकळ विटांवर तर नाहीच. त्या आधी काही न कळवता एका क्षणात फुटतात. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अटकण लावा.

जिवाला धोका असलेल्या गोष्टींवर थोडा जास्त थांबतो. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि काही गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर आतली पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची सवय अनेक जुन्या मेकॅनिकांना आहे. ती पूड फुप्फुसात जाते. पूड पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला: कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका. पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून तिला वेल्डिंग करू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक, कारण तिच्यात हवा आणि पेट्रोलची वाफ मिसळलेली असते. आणखी एक, हे कमी लोकांना ठाऊक आहे: काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं, आणि त्याने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंगची उष्णता लागली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावर घटक वाचा, क्लोरीनवाला डबा आणूच नका. अग्निशामक दोन ठेवा, एक गाडीजवळ आणि एक बाहेर पडायच्या दारापाशी. वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. सीटच्या काथ्यात गेलेली ठिणगी उशिराने पेटते.

हत्यारं आणण्याआधी आटे ओळखा. गाडी कुठल्या देशात आणि कधी बनली त्यानुसार बोल्ट इंची असतील, ब्रिटिश मापाचे असतील किंवा मिलिमीटरचे. जवळपास बसणारा पाना बोल्टची डोकी गोल करून टाकतो. सॉकेट बारा कोनांचे घेऊ नका, सहा कोनांचे घ्या, गंजलेल्या डोक्यावर ते घट्ट बसतात. दाराच्या बिजागरीच्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागेलच. आणि काम सुरू करायच्या आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येक मोठ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल सोडत जा. एक्झॉस्टच्या स्टडवर तर जरा जास्तच.

मूळ वर्कशॉप मॅन्युअल आणि सुट्या भागांचं चित्रांचं पुस्तक मिळवा. गाडी खोलण्याआधी काच, दाराचे हँडल, चकचकीत पट्ट्या, नावाची अक्षरं, मीटर हे मिळतात का ते शोधून ठेवा. बेअरिंग, सील, ब्रेकचे भाग सहसा कुठून तरी मिळतात. अडतं ते अशा वरवर किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंपाशी. म्हणून जुना भाग कितीही खराब असो, नवीन बसून चालेपर्यंत टाकायचा नाही. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असेल तर कुजलेलीच का होईना, एक अख्खी फळी भोकांच्या मापासाठी जपा.

डबे, झाकणवाल्या पिशव्या, न पुसणारं पेन, तारेच्या चिठ्ठ्या वाटतात त्याच्या तिप्पट आणा. प्रत्येक पिशवीवर भागाचं नाव, बाजू आणि तारीख. ‘केबिनचे बोल्ट’ असं लिहून भागत नाही, ‘केबिन, मागची डावी टेकण, वरून खाली वायसरचा क्रम’ असं लिहा. मी ही चूक केली. दारं उतरवताना बिजागरीखालच्या पातळ पट्ट्या एका डब्यात एकत्र टाकल्या. कुठे एक होती, कुठे तीन, ते लिहिलं नाही. दारं पुन्हा बसवताना दोन आठवडे फटी जुळवण्यात गेले, आणि उजवं दार अजून बंद करताना किंचित उचलावं लागतं. दुसरी तशीच गोष्ट: तळाचा किंवा उंबऱ्याचा पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके लोखंडी आधार जोडून घ्या. ते नसतील तर केबिन मिलिमीटर-मिलिमीटरने बसते आणि दार मग बसतच नाही.

छोट्या गंजलेल्या भागांसाठी एक सोय आधीच मांडून ठेवा. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला गंजलेला भाग, पॉझिटिव्हला भंगारातलं साधं लोखंड. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो, चांगलं लोखंड खात नाही. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून हे काम उघड्यावरच.

इंजिनाबद्दल सगळ्यांना घाई असते. अनेक वर्षं उभ्या इंजिनाला सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, काही दिवस थांबा. मग पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने पुढे-मागे डुलवा. अडलं तर जोर वाढवू नका, दिवस वाढवा. ऑइल काढून बघा: चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. ते चिकट होऊन कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसलेलं असतं. रबरी नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणाऱ्या घ्या, जुन्या रबराला ते पेट्रोल मऊ करून खातं. जुन्या घडणीच्या सपाट टॅपेटना, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांना, जस्त जास्त असलेलं ऑइल लागतं, तेही यादीत घाला.

पण क्रमात ब्रेक इंजिनाच्या आधी. इंजिन सुरू झालं की कोणीतरी गाडी हलवून बघतोच. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच पिकअपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला ऑइलची एकच वाट असते. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. लवचिक नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी आतून फुगून बंद होतात, म्हणून सगळ्या नवीन घ्या. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, तेव्हा नवा सीलबंद डबा आणा, आणि त्यात सिलिकॉनचं ऑइल मिसळू नका. नेहमीचं ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरतो. रंग सगळ्यात शेवटी ठेवायचं हेही एक कारण. टायरवर गोटी, म्हणजे नक्षी, कितीही दिसो, बाजूचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर फक्त गाडी ढकलायची. रिम दोन तुकड्यांची असेल तर ती घरी उघडू नका, हवा भरताना कडी उसळून माणसं दगावली आहेत.

रंगाचं अस्तर, पत्र्याची घासणी, प्रायमर घरी करा. शेवटचा हात मात्र रंगाचा बंदिस्त बूथ असलेल्या माणसाकडे द्या. दोन भाग मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट असतं आणि त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो.

वायरिंगला हात लावण्याआधी अर्थिंग कुठलं, म्हणजे बॅटरीचा कुठला खांब चासीला जोडलेला आहे, ते बघा. फोर्डच्या अमेरिकी पिकअप १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, १९५६ पासून १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ आला. ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ त्यानंतरही बरीच वर्षं राहिला. बॅटरीपासून चासीला गेलेली केबल शोधा, तिचं टोक बॅटरीच्या कुठल्या खांबावर आहे ते वहीत लिहा, फोटो काढा. सगळं तयार झालं की पहिला नट सोडायचा तो त्याच टोकाचा. पिशवीवर लिहा: ‘बॅटरी, अर्थ, १’.