घरपट्टी भरा, दळण फुकट न्या: गावाची गिरणी उभी करताना

आमच्या माण तालुक्यात बाईच्या डोक्यावर दोन ओझी ठरलेली, हंडा आणि दळणाचा डबा. हंड्यासाठी योजना आल्या, डब्याकडे कुणी बघितलं नाही. मी ग्रामपंचायतीत सदस्य असताना आम्ही गावाच्या मालकीची गिरणी काढली. तुमच्या गावात काढायची असेल तर आमच्या चुकांसकट सांगते.

कल्पना आमची नव्हे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात सरपंच असताना भास्करराव पेरे पाटलांनी सगळे कर भरणाऱ्याला दळण मोफत करून दाखवलं, तेच आम्ही उचललं.

आधी घरचा हिशेब मांडा. आमच्या पाच माणसांच्या घराला महिन्याला 40 किलो दळण लागतं. खासगी गिरणीत किलोला 5 रुपये, म्हणजे महिन्याचे 200 आणि वर्षाचे 2400. माझी घरपट्टी-पाणीपट्टी मिळून 1900. महिला सभेत फळ्यावर एवढंच लिहिलं. पट्टी थकवणाऱ्या नवऱ्यांना त्या रात्री घरोघरी काय ऐकावं लागलं, ते विचारू नका! ही महिलांची सभा मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यायचीच असते, तिथंच विषय पक्का करा. मुख्य सभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी तेवढी गणपूर्ती लागते. आमच्याकडं ती बायकांनीच भरून काढली.

सभा शक्यतो 2 ऑक्टोबरची धरा. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तिथून आकार घेतो. आराखड्यात नसलेल्या कामाला भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, हात लावत नाहीत. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण आमच्या तोंडात भाऊसाहेबच.)

पैशाचं नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथंच आहे. आमच्या वेळी पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा. या अबंधितातून आम्ही चक्की घेतली. पण त्यातून पगार देता येत नव्हता. गिरणीवाल्याचा पगार आणि लाईट बिल स्वनिधीतून निघणार, आणि स्वनिधी म्हणजे शेवटी पट्टीच. म्हणून सरसकट फुकट कधीही करू नका. वर्षभरात गिरणीला कुलूप लागेल.

विजेचा खर्च कागदावर धरू नका, मोजा. 10 एचपीची मोटार पूर्ण भारावर तासाला आठ-साडेआठ युनिट खाते. आम्ही जुन्या गिरणीत जाऊन मीटरचा आकडा लिहिला, एक क्विंटल गहू दळला आणि पुन्हा आकडा लिहिला. त्यावरून महिन्याचं बिल काढलं. इतकी हुशारी केली आणि डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बघायची विसरलो! गावठाणच्या डीपीवर भार बसेना, नवी चक्की दोन महिने गोणपाटाखाली पडून. तेव्हा थ्री फेजची जोडणी हातात आल्याशिवाय चक्की आणू नका.

गावातल्या जुन्या गिरणीवाल्याचं काय, हा प्रश्न सभेत आला आणि यायलाच हवा होता. आम्ही त्यालाच पगारावर घेतलं. दगडाची जाण त्याच्याइतकी कुणाला होती?

नियम थोडे ठेवा. थकबाकीदाराला परत पाठवू नका, त्याच्याकडून बाजारभावानं 5 रुपये घ्या. वीटभट्टीवरच्या मजुरांच्या नावावर घरच नाही, मग पट्टी कुठली? त्यांना आम्ही 2 रुपये लावले. त्यावर भांडण झालं, होऊ दिलं. एकानं सासुरवाडीची पोती आपल्या नावावर फुकट दळून नेली, तेव्हापासून महिन्याला माणशी 10 किलोची मर्यादा आहे. गहू आणि बाजरीचे वार वेगळे ठेवा, नाहीतर पहिल्या डब्यात काळपट पीठ पडतं आणि शिव्या पंचायतीला बसतात. उपवासाची भगर एकादशीच्या आदल्या दिवशी, चक्की झाडून. मिरची-हळद अजिबात नको.

दगड बोथट झाला की पीठ गरम येतं आणि मीटर पळतो. टाकी कधी लावली, म्हणजे दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा कधी पाडल्या, ती तारीख भिंतीवर लिहा. आमची गिरणी अमावस्येला बंद असते, टाकीचं काम त्याच दिवशी उरकतात.